काठीची तहान

ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या, व्हॉल्व्ह बसले, पंपाच्या खोलीत भिंतीवर पेटी लागली, आणि पहिल्याच दिवशी सुनेच्या लक्षात आलं की सासऱ्यांना आता काही कामच उरलेलं नाही. माणूस जन्मभर पाणी देत आलेला. पहाटे उठायचं, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची, फावडं खांद्यावर टाकायचं आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत राहायचं. त्यात कुणी मध्ये तोंड घातलेलं त्यांना खपत नसे. आता ते काम पेटी करणार होती, आणि पेटीवर ओरडून काही उपयोग नव्हता, कारण पेटी ऐकूनच घेत नाही.

बाग लिंबांची. वरची अर्धी धाकटा दीर बघायचा आणि खालची अर्धी सून. तिचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातले बरेच महिने त्याचं दर्शन फोनवरच व्हायचं, तेही अडखळत. दोन्ही बागांना विहीर मात्र एकच. उन्हाळा चढला की ती विहीर हात वर करायची. पंपातून आधी पाणी, मग चिखल, मग नुसती फुरफुर यायची आणि दोन्ही बागा एकदमच माना टाकायच्या.

यंदा दिराने तोडगा काढला होता. खालची बाग तोडायची.

“वहिनी, राग मानू नका,” तो म्हणाला होता, “पण दोघींना अर्धपोटी ठेवून दोघींना मारण्यापेक्षा एकीला पोटभर घालू. खालची जमीन मुरमाड आहे. कितीही पाजा, दुसऱ्या दिवशी कोरडी ठणठणीत.”

दीर वाईट माणूस नव्हता. हिशेबी होता. आणि हिशेबी माणसाचं म्हणणं बरोबर असलं की समोरच्याच्या अंगाचा अधिकच तिळपापड होतो. सुनेचा झाला. ती या घरात आली तेव्हा खालच्या बागेतली झाडं तिच्या कमरेला लागत होती. नवरा समुद्रावर, सासूबाई आधीच गेलेल्या, बोलायला दुसरं कुणी नाही. तिने त्या झाडांना आळी केली, खत घातलं, त्यांच्यावरच्या अळ्या चिमटीने वेचल्या. या घरात तिचं म्हणावं असं जे काही होतं ते त्या बागेत होतं. ती तुटली असती तर तिने घर सोडलं नसतं, पण घरात तिचं लक्षही लागलं नसतं.

लग्नाआधी ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बारीक तारा, डाग देणं, बिघाड शोधणं यात तिचा हात बसलेला. म्हणून शेती केंद्रात सेन्सरवर पाणी देण्याचं शिक्षण सुरू झालं तेव्हा ती सगळ्यांत पुढे जाऊन बसली, आणि परत आली ती पिशवीभर काठ्या घेऊनच.

“एक उन्हाळा द्या मला,” ती दिराला म्हणाली.

“दिला. पण मध्येच कुठे फळगळ दिसली तर मी करवतवाल्याला बोलावणार. मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही.”

“काढलंच तर थेंबाथेंबाने काढीन, भाऊजी. वाया घालवणार नाही.”

दिराला हसू आलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

व्यवस्था अशी होती. खालच्या बागेचे तिने पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात एका झाडाच्या बुडाशी एक काठी रोवली. काठीची दोन टोकं मातीत वीतभर खाली जात आणि माती किती ओली आहे ते पंपाच्या खोलीतल्या पेटीला कळवत. माती कोरडी पडली की काठीच्या डोक्यावरचा दिवा लाल होई, पुरेशी ओली असली की हिरवा. पेटी मात्र दिवा लाल झाला म्हणून लगेच पाणी सोडायची नाही. दुपारच्या उन्हात सोडलं तर अर्धं पाणी हवाच पिऊन टाकते. ती पहाटेपर्यंत थांबायची, तेव्हा एकेका काठीला विचारायची, आणि जी काठी लाल असेल तिच्याच पट्ट्याचा व्हॉल्व्ह उघडायची. माती भिजली की बंद. जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच.

हे सगळं तिने दिराला असंच, खडान्‌खडा सांगितलं. सासऱ्यांना सांगताना मात्र तिने ते सोपं केलं. फारच सोपं केलं. एका हातात पक्कड, दातांत तार आणि मनात हे, की म्हाताऱ्याला उगाच कशाला शिणवायचं.

“बाबा, हा दिवा बघा. लाल झाला म्हणजे तहान लागली. हिरवा झाला म्हणजे पोट भरलं. एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि ही तिसऱ्या पट्ट्यातली काठी तुमच्या ताब्यात. लक्ष ठेवायचं तिच्यावर.”

तिसऱ्या पट्ट्याच्या बांधावर तुतीचं जुनं झाड होतं आणि त्याच्या सावलीत सासरे एरवीही बसत, म्हणून तिने ती काठी त्यांना दिली. त्या काठीवर लक्ष ठेवण्यासारखं काहीही नव्हतं. पोळ्या लाटताना पोराने भुणभुण लावली की त्याच्या हातात कणकेचा गोळा देऊन त्याला गप्प बसवतात, तसंच तिने केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सासरे ओलं फडकं गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन तुतीखाली जाऊन बसू लागले आणि जेवायला हाक मारल्याशिवाय उठेनासे झाले.

व्यवस्था चालली, आणि चांगली चालली. पहाटे पंपाच्या खोलीत खट्‌ असा आवाज होई, नळ्यांतून थेंब गळू लागत, आणि सून अंथरुणातूनच फोनवर बघे, कुठला पट्टा प्यायला, कुठला थांबला. दीर येता-जाता विहिरीत डोकावून जाई आणि काही न बोलता पुढे जाई. तो बोलत नाही म्हणजे बरं चाललंय, हे तिला एव्हाना कळू लागलं होतं. नवऱ्याचा फोन आला की ती त्याला झाडांचीच खबर सांगत बसे. तो म्हणे, माझीही जरा चौकशी कर की. ती म्हणे, तू पाण्यातच आहेस, तुला काय धाड भरलीय.

तिसऱ्या पट्ट्याचं तर तिला कौतुकच वाटत होतं. बाकीच्या काठ्या दिवसाआड लाल होत, तिसरीचा दिवा पहाटे बघावा तेव्हा हिरवागार. तिने स्वतःशी ठरवूनही टाकलं की तिथली माती पाणी धरून ठेवत असणार. मुरमाड जमीन पाणी कशी धरून ठेवेल, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण मनासारखं घडत असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

मग एका सकाळी तिला तिसऱ्या पट्ट्यातली पानं कडेने वळलेली दिसली. तिने फोन काढला. फोन म्हणाला, ओलं. आणखी थोड्या दिवसांत पानं पिवळी पडली. फोन म्हणाला, ओलं. आणि मग झाडांखाली गोटीएवढी हिरवी लिंबं पडलेली दिसली. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ती लिंबं ओच्यात गोळा करू लागली, जणू उचलून घेतली की ती गळलेली नाहीत असं होणार होतं.

तिने काठीची बॅटरी बदलली. तार बदलली. चौथ्या पट्ट्यातली काठी आणून तिसऱ्यात रोवली आणि तिसऱ्यातली चौथ्यात. चौथ्यातली काठीही तिसऱ्यात येऊन हिरवीच राहिली. शेती केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पेटी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तिने केली. पेटी मोठ्या उत्साहाने पुन्हा चालू झाली आणि म्हणाली, तिसरा पट्टा ओला.

गळलेली लिंबं तिने लपवली होती, पण पिवळी पानं कुठे लपवणार? दिराने बांधावरून पाहिलं, थांबला, आणि तसाच मागे फिरला. करवतवाल्याला निरोप गेला असणार, हे तिने न विचारताच ओळखलं.

त्या दिवशी जेवणानंतर ती पुन्हा तिसऱ्या पट्ट्यात गेली. आता काठी उपटायची आणि खाली माती खणून बघायची, एवढंच करायचं राहिलं होतं. झाडांच्या ओळीतून जाताना तिला समोर सासरे दिसले, आणि ती जागच्या जागी थांबली.

सासरे काठीशी उकिडवे बसले होते. काठीचा दिवा लाल होता. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, आणि काठीच्या भोवतीने गोल गोल पाणी ओतलं. सगळं पाणी जिरेपर्यंत थांबले. बाटलीवरचं ओलं फडकं सोडून काठीवरचा चिखल पुसला. दिवा हिरवा झाला. मग ते काठीला म्हणाले, “झालं?”

सुनेच्या हातातली खुरपी हातातच राहिली.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “हे रोज करता तुम्ही?”

“रोज. न चुकता.” सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. “तुला म्हणून सांगतो, तुझी ती पेटी आळशी आहे. दुपारी लाल दिवा लागतो आणि ही बया पाणी सोडते दुसऱ्या दिवशी पहाटे. तोवर काय तहानलेलं ठेवायचं? बाकीच्या काठ्या बघून ये, लालभडक होऊन बसल्यात. माझी राहिली का एकदा तरी? मध्ये तू ती बदललीस, तर ही नवी फारच तहानलेली होती. दोन बाटल्या लागल्या.”

“नाही,” ती म्हणाली. “तुमची कधीच लाल राहिली नाही.”

सगळं तिच्या डोळ्यांसमोर लख्ख आलं. दुपारी काठी लाल व्हायची. सासरे तिला पाणी पाजायचे. पहाटे पेटी विचारायची, काठी खरं तेच सांगायची की माझ्यापाशी ओलं आहे, आणि पेटी तिसऱ्या पट्ट्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवायची. बाटलीभर पाण्यावर काठी खूश, आणि पट्टाभर झाडं उपाशी. आणि हे सगळं कुणी शिकवलं? लाल म्हणजे तहान, हिरवा म्हणजे पोट भरलं, एवढंच. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण समोर सासरे हसत होते. फावडं गेल्यापासून त्यांना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं. जन्मभर पाणी दिलेल्या माणसाला, तुमच्यामुळे झाडं वाळली, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नको सांगायला. काठी उद्या गुपचूप दुसऱ्या झाडापाशी न्यायची, यांना दुसरं काहीतरी काम द्यायचं, आणि विषय संपवायचा. असं तिचं ठरतं न ठरतं तोच बांधावर दीर आला. त्याच्यामागे करवतवाला होता, खिशात मोजपट्टी घेऊन.

“वहिनी, ठरलं होतं ते ठरलं होतं,” दीर म्हणाला. त्याचा आवाज कडक होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

“भाऊजी, फक्त या पट्ट्यातलं यंत्र बिघडलं होतं. आत्ताच सापडलं मला. आजच दुरुस्त होईल.”

“आज हे बिघडलं, उद्या दुसरं बिघडेल. तुमचा फोन दाखवा. काय म्हणतो? ओलं.” त्याने झाडाखाली चपलेने माती उकरली. धुरळा उडाला. “हे ओलं? अशा खोटारड्या काठीवर विहीर सोपवायची? चला हो, मोजा तुम्ही.”

करवतवाल्याने मोजपट्टी काढली आणि पहिल्या खोडाला गुंडाळली. सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगितलं तर बाग वाचत होती, नाही सांगितलं तर म्हाताऱ्याचा मान. तिने खाली मान घातली. मान वाचवायचा तर बाग जाणार, हे तिला कळत होतं, आणि तरी तिच्याने बोलवेना.

“खोटारडी कुणाला म्हणतोस?” सासरे कडाडले. सगळे दचकले. “ओली आहे म्हणून ओली म्हणते ती! मी रोज बाटलीभर पाणी पाजतो तिला माझ्या हाताने. विचार तुझ्या वहिनीला, आत्ताच तिने डोळ्यांनी बघितलंय.”

दिराने बापाच्या हातातली बाटली पाहिली. काठीभोवतीचं ओलं वर्तुळ पाहिलं. वर्तुळाच्या बाहेरचा धुरळा पाहिला. करवतवाल्याला सगळ्यांत आधी हसू फुटलं, आणि त्याने ते खोकल्यात दडपायचा प्रयत्न केला.

“हसायला काय झालं?” सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “अरे, कुणी सांगाल का?”

दीर सांगेना. तोही शेवटी मुलगाच होता. तेव्हा सुनेने खुरपी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. काठी म्हणजे झाड नाही, ती फक्त मातीची खबर देते. ती खबर कुणाला जाते. पेटी कधी विचारते आणि का थांबते. आणि एक काठी सगळ्या पट्ट्याच्या वतीने कशी बोलते. काही गाळलं नाही. सासरे ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे झाडांचं पाणी मी तोडलं,” ते म्हणाले.

“मी तुम्हाला धड सांगितलंच नव्हतं, बाबा. चूक माझी आहे.”

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि जवळच्या झाडाचं एक वळलेलं पान दोन बोटांत धरून उभे राहिले. सुनेने फोनवरून तिसऱ्या पट्ट्याचा व्हॉल्व्ह उघडला. भर दुपारी, पेटीचे नियम धाब्यावर बसवून. नळ्यांतून हवा फुसफुसली आणि मग झाडाझाडाखाली थेंब पडू लागले.

दीर मात्र तिथे नव्हता. तो विहिरीच्या काठावर वाकून उभा होता. दर उन्हाळ्यात या सुमाराला पंपाचं तोंड उघडं पडलेलं असायचं आणि तळाचा गाळ दिसायचा. आज तोंड दिसत नव्हतं. वर पाणी होतं, चांगलं काळंभोर, तळ न दाखवणारं. तो बराच वेळ बघत राहिला. मग परत आला तो थेट करवतवाल्याकडे.

“तुम्हाला उगाच उन्हात चालवलं,” तो म्हणाला. “चहा घेऊन जा.”

“मोजमाप?”

“कसलं मोजमाप? सगळी बाग हिरवी आहे. एक पट्टा सुकला, तोही बाबांच्या मायेपायी. विहिरीत बघा, पाणी आहे.” मग तो वहिनीकडे वळला, घसा खाकरला, आणि हिशेबी माणसाला जड जातं ते बोलला. “वरच्या बागेला किती काठ्या लागतील, वहिनी?”

सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंबाथेंबाने वगैरे काही नाही, चांगलं घळाघळा आलं, आणि ती पदराने तोंड पुसत हसतही राहिली. “लागतील तेवढ्या देते,” ती म्हणाली.

“एक अट आहे. बाबांनी वरच्या बागेत बाटली आणायची नाही.”

करवतवाला खो खो हसला. दीरही हसला. सासरे हसले नाहीत.

ते दोघे चहाला गेले तरी सासरे तिथेच तुतीखाली बसून होते. ऊन कललं. भिजल्या मातीचा गारवा अंगाला लागत होता. सून त्यांच्याजवळ येऊन बसली.

“तुला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “तो मोजायला लागला तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि गप्प बसलीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा.”

“वाटलंच. अजून वाटतंय.” ते नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत होते. “म्हणून काय झाडं तोडू देणार होतीस? मला वाईट वाटू नये म्हणून? अगं, तू वाढवलीस ती झाडं. मी असा काय नाजूक आहे?”

माया केली असं तिला वाटत होतं, आणि त्या मायेत आपण या माणसाला मोडीत काढलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

“चुकलंच. माझंही चुकलं. मी विचारायला हवं होतं, पण मला वाटलं, सूनबाई हसेल.” त्यांनी काठी उपटून हातात घेतली, तिची दोन टोकं पुसली आणि उलटसुलट करून पाहिली. “आता ही आत रोवली की तिला ओल कळते कशी? हात तर लावत नाही ती.”

तिने सांगितलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मातीतून जराशी वीज जाते, ओल्या मातीतून सहज, कोरडीतून अडखळत. त्यांनी मध्येच थांबवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगायला लावलं.

“मग मी उद्या आळ्यात खत घातलं आणि ते पाण्यात विरघळलं, तर विजेचं काय होतं? ही तेव्हाही खरंच बोलते का?”

सुनेने तोंड उघडलं. काहीतरी सोपं, गोड सांगून टाकायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“ते मला माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली. “केंद्रात विचारावं लागेल.”

“विचार. आणि ते जे सांगतील ते सगळं मला सांग,” सासरे म्हणाले. “सोपं करू नकोस.”